मूत्राशयाचा कर्करोग परत येईल का? पेशींच्या मार्करवरून किती सांगता येतं

कसबा_पॅथ · सोमवार, रात्री ९:१२

टीयूआरनंतरच्या (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढल्यानंतरच्या) रिपोर्टवर हल्ली की-६७ (वाढत्या पेशींचं प्रमाण), पी५३ आणि सीके२० ही प्रथिनं, कधी एफजीएफआर३ हे जनुक, सोबत लघवीवरचं फिश (गुणसूत्रं रंगीत ठिपक्यांनी मोजणं) असे मार्कर एकाखाली एक दिसतात. पेशंटच्या हातात कागद पडतो, त्यावर 'की-६७ : १८%' एवढंच लिहिलेलं असतं. घरच्यांचा प्रश्न एकच असतो, परत होणार का? पॅथॉलॉजीच्या टेबलावरून या प्रश्नाला नेमकं किती उत्तर देता येतं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय.

चर्चा स्नायूपर्यंत न पोचलेल्या गाठींपुरती ठेवू. नव्याने सापडणाऱ्या दर चारांपैकी साधारण तिघांत आजार याच टप्प्यावर असतो. टीए म्हणजे अस्तरातच राहिलेली, तुऱ्यासारखी वाढलेली गाठ. टी१ म्हणजे अस्तराखालच्या सैल थरात शिरलेली. सीआयएस म्हणजे सपाट, पण उच्च श्रेणीचा आजार (श्रेणी म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते). दुर्बिणीतून तो नुसता लालसर मखमली डाग दिसतो, कधी तेवढाही दिसत नाही.

युरॉलॉजी, हिस्टो (ऊती), सायटो (सुट्या पेशी) आणि मॉलिक्युलरवाल्या सगळ्यांनी लिहावं. पद्धत, प्रमाण, चुका, सगळं चालेल. कोणा एका पेशंटचे रिपोर्ट मात्र इथे टाकू नका.

मुठाकाठ · सोमवार, रात्री १०:०५

मार्करच्या आधी एक भेद पक्का करू या, कारण रिपोर्ट वाचताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. गाठ परत येणं ही एक गोष्ट आणि गाठ खोल जाणं ही दुसरी. कमी श्रेणीची टीए गाठ पुन्हा पुन्हा येईल, पण स्नायूत सहसा शिरणार नाही. उच्च श्रेणीची टी१ एकदाच परत येईल, पण तेव्हा मूत्राशय काढायची वेळ आलेली असेल. एखादा मार्कर 'चांगला' म्हटला जातो तेव्हा तो यातल्या कोणत्या गोष्टीबद्दल चांगला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरं म्हणजे मार्करची तुलना कशाशी करायची? शून्याशी नाही. आपल्याकडे बिनखर्चाचं एक कोष्टक आधीपासून आहे. ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेचं हे कोष्टक २००६ साली २,५९६ पेशंटच्या माहितीवरून प्रसिद्ध झालं. त्यात परत येण्यासाठीचे गुण असे : एकच गाठ ०, दोन ते सात गाठी ३, आठ किंवा जास्त ६. तीन सेंमीपेक्षा लहान ०, तीन किंवा मोठी ३. पहिल्यांदाच झाली ०, आधी वर्षाला एकदा किंवा कमी वेळा परत आलेली २, त्याहून जास्त वेळा ४. टीए ०, टी१ १. सीआयएस असेल तर १. श्रेणी जी१ ०, जी२ १, जी३ २. एकूण शून्य ते सतरा.

उदाहरण घ्या. पहिल्यांदाच झालेला आजार, तीन गाठी, सर्वांत मोठी साडेतीन सेंमी, टीए, जी२, सीआयएस नाही. ३ अधिक ३ अधिक १, म्हणजे ७ गुण. पाच ते नऊ गुणांच्या गटात एका वर्षात परत येण्याची शक्यता ३८ टक्के, पाच वर्षांत ६२. शून्य गुणांना हेच आकडे १५ आणि ३१, एक ते चारला २४ आणि ४६, दहा किंवा जास्तला ६१ आणि ७८.

कोष्टकाची एक मर्यादा आहे. यातल्या फार थोड्यांना बीसीजी (मूत्राशयात सोडायचं, प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) मिळालं होतं आणि दुसरा टीयूआर तेव्हा रीतीचा नव्हता, म्हणून आजच्या उपचारांत हे आकडे जरा जास्तच वाटतात. तरीही एखादा मार्कर या सहा गोष्टींच्या वर काही भर घालत नसेल, तर तो किट विकणाऱ्याच्या उपयोगाचा, पेशंटच्या नाही.

कसबा_पॅथ · सोमवार, रात्री १०:२०

@मुठाकाठ, या हिशोबातल्या सहाही गोष्टी फॉर्मवर आल्या तरच खाली बसून कोणी बेरीज करू शकेल. 'ब्लॅडर ट्यूमर, टीयूआरबीटी' एवढं लिहून डबी येते. किती गाठी, केवढ्या, आधी कधी झालं होतं, काहीच नसतं.

मुठाकाठ · सोमवार, रात्री १०:४१

मान्य. ती चूक आमच्या बाजूची. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे तळाचा तुकडा वेगळ्या डबीत न पाठवणं. गाठ खरवडून झाल्यावर तळातून स्नायूसकट तुकडा घेऊन वेगळी डबी, वेगळं लेबल. तुकड्यात स्नायूच नसेल तर टीए-टी१ हा निकालच कच्चा राहतो; मग त्यावर कितीही महागडा मार्कर लावा, पाया डळमळीतच. टी१ निघाली, गाठ पूर्ण निघाली नाही, किंवा स्नायू आला नाही (कमी श्रेणीची टीए आणि निव्वळ सीआयएस सोडून), तर दोन ते सहा आठवड्यांत दुसरा टीयूआर. टी१ मध्ये या दुसऱ्या वेळी ३३ ते ५५ टक्के पेशंटमध्ये आजार उरलेला सापडतो. तीन महिन्यांच्या दुर्बिणीत दिसणाऱ्या 'परत आलेल्या' कितीतरी गाठी मुळात गेलेल्याच नसतात.

गाठ परत येण्याची कारणंच चार आहेत : नजरेतून सुटलेली, अर्धवट निघालेली, शस्त्रक्रियेत सुटलेल्या पेशी दुसरीकडे रुजल्यामुळे आलेली, आणि आधीच बिघडलेल्या अस्तरातून नव्याने उगवलेली. एका तुकड्यावर केलेला की-६७ पहिल्या दोन कारणांबद्दल काय सांगणार?

पेशीवेध · मंगळवार, सकाळी ७:५०

ऊतींवरच्या, अँटिबॉडीने रंगवायच्या मार्करबद्दल (इम्युनो) लिहितो. बैठक जमवून, कारण गडबड बारकाव्यांतच होते.

डबी टेबलावर यायच्या आधीच अर्धं काम झालेलं किंवा बिघडलेलं असतं. तुकडे निघाल्यापासून तासाभरात दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्यांच्या किमान दहापट. सहा तासांपेक्षा कमी नको, तीन दिवसांपेक्षा जास्त नको. शनिवारी दुपारी आलेली डबी सोमवारी सकाळी उघडली तर चालतं. जोडून सुट्टी आली आणि पाचव्या दिवशी उघडली तर अँटिजेन (अँटिबॉडी चिकटते ती प्रथिनं) झाकले जातात आणि डीएनएही खराब होतो.

सेक्शन तीन ते चार मायक्रॉनचा, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर. अँटिजेन रिट्रीव्हल (झाकलेले अँटिजेन पुन्हा उघडणं) ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये, ९५ ते ९८ अंशांवर वीस मिनिटं, मग त्याच द्रावणात वीस मिनिटं निवू द्यायचं. घाईने गार पाणी ओतलं की सेक्शन उठतो, आणि टीयूआरचे छोटे तुकडे तर हमखास तरंगतात. मग तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे हात आखडू नका. टीयूआरच्या तुकड्यांत रक्त भरपूर असतं, लाल पेशींतलं पेरॉक्सिडेज दाबलं गेलं नाही तर डॅबचा तपकिरी रंग सगळीकडे पसरतो. प्रायमरी अँटिबॉडी तीस ते साठ मिनिटं, पॉलिमर तीस, डॅब पाच, मग हिमॅटॉक्सिलिन. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असेल तर ब्ल्यूइंग (केंद्रकांना निळा रंग आणणं) साठवलेल्या पाण्यात करू नका, स्कॉटचं द्रावण बनवून ठेवा. नाहीतर केंद्रकं जांभळट-लालसर राहतात आणि की-६७ मोजताना फिकट पॉझिटिव्ह कुठलं, निगेटिव्ह कुठलं, कळत नाही.

कंट्रोल त्याच स्लाइडवर लावा. की-६७ साठी टॉन्सिल : जर्मिनल सेंटर गच्च रंगलेलं, मँटलमध्ये तुरळक. सीके२० साठी मोठ्या आतड्याचा तुकडा.

आता अर्थ. निरोगी अस्तरात सीके२० फक्त वरच्या छत्रीपेशींत रंगतो, सीडी४४ तळाच्या थरात, आणि पी५३ इथेतिथे फिकट. सीआयएसमध्ये चित्र उलटं होतं : सीके२० पूर्ण जाडीत, सीडी४४ गायब, पी५३ एकतर गडद आणि सलग, नाहीतर अजिबात नाही. 'अजिबात नाही' हेही बिघाडाचंच लक्षण आहे. जनुकात असा बदल होतो की प्रथिन तयारच होत नाही. शेजारच्या लिंफोसाइटमध्ये फिकट रंग आहे आणि गाठीच्या पेशी कोऱ्या आहेत, असं दिसलं तरच त्याला नल म्हणा. दोन्ही कोरे असतील तर स्टेन फसलाय. जुन्या पेपरांत पी५३ ला १० किंवा २० टक्क्यांची रेघ मारलेली असते. त्या रेघेने हे नल केस 'निगेटिव्ह' ठरून चांगल्या गटात जाऊन बसतात. पी५३ वरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे.

सूज आणि सीआयएस यांत फरक करायला हे तिघं मिळून फार उपयोगी, आणि शेजारच्या 'सपाट लाल' भागात सीआयएस आहे की नाही हे कळणं म्हणजेच भाकीत बदलणं. माझ्या मते इम्युनोचा खरा फायदा इथे आहे. टक्केवारी छापण्यात नाही.

हडपसर_हिस्टो · मंगळवार, सकाळी ९:३३

एकाच ब्लॉकचा की-६७ एका लॅबमध्ये १२ आणि दुसरीकडे २४ येतो, असं का होतं? की-६७ ची अँटिबॉडी दोन्हीकडे एमआयबी-१ च आहे.

पेशीवेध · मंगळवार, दुपारी १:१५

चार ठिकाणी शोधा. पहिलं, मोजणी कुठे केली. एकाने सगळ्यांत गच्च जागा निवडली आणि दुसऱ्याने चार जागांची सरासरी काढली तर दुप्पट फरक सहज पडतो. दुसरं, काय मोजलं. गाठीच्या दांड्यातले लिंफोसाइट जोरात रंगतात. ते हिशोबात शिरले की आकडा फुगतो. तिसरं, कडा. कॉटरीने भाजलेल्या कडेला केंद्रकं लांबट, काळपट, पिळवटल्यासारखी होतात, तिथे रंग खोटा किंवा गायब. ती पट्टी सोडूनच द्यायची. चौथं, तिरका छेद. तुरा तिरपा कापला गेला की तळाचा थर जाड दिसतो आणि वाढणाऱ्या पेशी बहुतेक तळाशीच असतात.

रीत म्हणाल तर कमी भिंगातून पूर्ण स्लाइड फिरून घ्या, सर्वांत गच्च जागा गाठा, ४०च्या भिंगाखाली सलग हजार पेशी मोजा, निदान पाचशे. कितीही फिकट तपकिरी असली तरी केंद्रक पॉझिटिव्ह. हजारात १८० असतील तर १८ टक्के, आणि रिपोर्टवर लिहा : 'गच्च जागा, १००० पेशी, एमआयबी-१'. या तीन शब्दांशिवाय आकड्याला किंमत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत रेघ १० पासून २५ टक्क्यांपर्यंत कुठेही मारलेली आहे, तेव्हा १८ हा आकडा एका पेपरात 'जास्त' आणि दुसऱ्यात 'कमी' ठरतो. श्रेणीबद्दल शंका असेल तिथे टेकू म्हणून वापरा.

बावधन_डीएनए · मंगळवार, रात्री ८:२२

एफजीएफआर३ आणि टर्ट या जनुकांबद्दल.

एफजीएफआर३ मधला बदल कमी श्रेणीच्या टीए गाठींमध्ये बहुसंख्य वेळा सापडतो, टी१ आणि त्यापुढे कमी होत जातो. सर्वांत जास्त दिसणारा एस२४९सी, मग वाय३७५सी, आर२४८सी, जी३७२सी. (वाय३७५ आणि वाय३७३, जी३७२ आणि जी३७० असे दोन आकडे पेपरांत दिसतात, बदल तेच, क्रमांकन वेगळ्या आयसोफॉर्मवरून.) हा बदल असला की गाठ खोल जाण्याची शक्यता कमी. पण परत येण्याची कमी नाही! मुठाकाठ यांनी पहिल्याच प्रतिसादात केलेला भेद इथे कामाला येतो. 'एफजीएफआर३ पॉझिटिव्ह, म्हणजे चांगलं' असं ऐकून कोणी दुर्बिणीची तारीख चुकवली, तर ज्या पेशंटला पुन्हा गाठ येण्याची शक्यता भरपूर आहे तोच तपासणीतून निसटला. २००३ साली एफजीएफआर३ आणि एमआयबी-१ एकत्र करून 'आण्विक श्रेणी' सुचवली गेली होती, तीही मुख्यतः खोल जाण्याबद्दलच नीट बोलते.

टर्ट प्रमोटरचे (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाचे) दोन बदल, -१२४ आणि -१४६ या जागी डीएनएच्या सी अक्षराचा टी. हे सगळ्या श्रेणींत, सगळ्या टप्प्यांत सापडतात. त्यामुळे गाठीच्या तुकड्यावर टर्ट पॉझिटिव्ह आलं तर त्यावरून भविष्य फारसं कळत नाही. मात्र मूळ गाठीत तो बदल आहे हे माहीत असेल, तर टीयूआरनंतरच्या लघवीत तोच शोधता येतो. आधी ठसा घ्यायचा, मग तोच ठसा लघवीत दिसतो का ते बघायचं. ऊतीवर एकदाच करून फाइलला लावून ठेवण्याइतका उपयोग या तपासणीचा नक्की आहे.

बाकावरच्या अडचणी. ब्लॉकमधून दहा मायक्रॉनचे तीन ते पाच सेक्शन. आधी एचअँडई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टकडून गाठीभोवती पेनने रेघ मारून घ्या आणि तेवढाच भाग खरवडा. सँगरसाठी (डीएनए वाचण्याची रूढ पद्धत) गाठीच्या पेशी वीस टक्क्यांच्या खाली असतील तर बदल असूनही दिसणार नाही. प्रोटीनेज के, ५६ अंश, रात्रभर. फॉर्मॅलिनमुळे सायटोसिनचा युरॅसिल होतो आणि वाचताना तो सी चा टी दिसतो. आणि टर्टचा बदलही सी चा टी च! म्हणून युरॅसिल डीएनए ग्लायकोसायलेजची प्रक्रिया आधी करा आणि पॉझिटिव्ह आला की स्वतंत्र पीसीआर लावून पुन्हा वाचा. जुना ब्लॉक असेल तर प्रॉडक्ट १०० ते १५० बेसचंच ठेवा, लांब तुकडा वाढणारच नाही. टर्टचा तो भाग जी आणि सी या अक्षरांनी गच्च भरलेला आहे, साधं मिक्स चालत नाही; डीएमएसओ घाला किंवा जीसीसाठीचं बफर घ्या.

मुळामुठा_सायटो · बुधवार, सकाळी ६:५८

लघवीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे नमुना घेण्यात जितकं नुकसान होतं तितकं मायक्रोस्कोपखाली होत नाही.

सकाळची पहिली लघवी नको. रात्रभर मूत्राशयात पडून पेशी फुगतात, फुटतात, केंद्रकाची कड पुसली जाते. दुसरी किंवा तिसरी घ्या, एकदा लघवी करून दोन तास चालतं-फिरतं राहिल्यावर. मधली धार, किमान २५ मिली, ५० ते १०० मिळाली तर उत्तम. तांब्याभर पाणी पिऊन लगेच दिलेला नमुना पातळ येतो, मोजायला पेशीच उरत नाहीत.

डबी तासा-दोन तासांत लॅबमध्ये. वाघोलीहून किंवा चाकणहून डेक्कनला येणारी डबी एप्रिलच्या दुपारी दुचाकीच्या डिकीत तापत आली, तर तिच्यात बघण्यासारखं काही राहत नाही. फक्त जंतू आणि पेशींची टरफलं. उशीर होणार असेल तर जमेल तितक्या लवकर तितकंच पन्नास टक्के अल्कोहोल मिसळा, नाहीतर चार अंशांवर ठेवा आणि जेल पॅकसोबत पाठवा. बर्फात गोठवू नका, पेशी फुटतात. फॉर्मॅलिन घालू नका. दुर्बिणीच्या वेळी सलाइनने धुऊन घेतलेला नमुना असेल तर फॉर्मवर तसं लिहा. त्यात अस्तराचे थवेच्या थवे येतात, साध्या लघवीत तसे थवे दिसले तर अर्थ वेगळा होतो.

रिपोर्ट पॅरिस पद्धतीने (लघवीतल्या पेशींच्या रिपोर्टची आंतरराष्ट्रीय पद्धत). २०१६ साली आली, दुसरी आवृत्ती २०२२ ची. तिचा गाभा असा की शोध फक्त उच्च श्रेणीचा. केंद्रकाने पेशीचा ०.७ हून जास्त भाग व्यापलेला, रंग गडद, क्रोमॅटिन खरबरीत ढेकळांसारखं, कड वेडीवाकडी, आणि अशा पेशी निदान पाच-दहा. एखाद-दोनच असतील तर 'संशयास्पद'. प्रमाण ०.५ च्या वर पण बाकीची लक्षणं अर्धवट, तर 'ॲटिपिकल'.

फसवणाऱ्या पेशीही सांगते. बीके विषाणूची पेशी : केंद्रक मोठं, गडद, पण गुळगुळीत, दुधी काचेसारखं, आत क्रोमॅटिनचा पोत नाही. मुतखड्याच्या पेशंटमध्ये खरवडले गेलेले थवे. मायटोमायसिननंतर (मूत्राशयात सोडायचं कर्करोगाचं औषध) फुगलेल्या, अनेक केंद्रकांच्या छत्रीपेशी. बीसीजीनंतरची सूज. फॉर्मवर 'बीसीजी चालू' एवढे दोन शब्द नसतील तर आम्ही आंधळेपणाने वाचतो.

संवेदनशीलता (असलेला आजार पकडण्याचं प्रमाण) उच्च श्रेणीला ८४ टक्क्यांच्या आसपास, जी१ ला १६. म्हणजे सायटोलॉजी निगेटिव्ह आली याचा अर्थ कमी श्रेणीची गाठ नाही असा होत नाही. पण पॉझिटिव्ह आली तर ती गंभीरपणे घ्यावी लागते. १९४५ साली पापानिकोलाऊंनी लघवीतल्या पेशींवर लिहिलं तेव्हापासून ही तपासणी टिकली आहे ती याच बळावर.

हडपसर_हिस्टो · बुधवार, सकाळी १०:११

आणि फिश? मोजणीचे नियम कोणी नीट लिहाल का? बाहेरून आलेल्या रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' असतं.

बावधन_डीएनए · बुधवार, रात्री ९:०५

चार रंग. ३, ७ आणि १७ या गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरवर (मधल्या भागावर) लाल, हिरवा, निळसर. आणि ९व्या गुणसूत्रावरच्या ९पी२१ या जागेवर सोनेरी. निरोगी पेशीत प्रत्येकाचे दोन दोन ठिपके. आधी डापीखाली (केंद्रक रंगवणारा रंग) विचित्र पेशी निवडायच्या : मोठं केंद्रक, वेडीवाकडी कड, ठिपक्याठिपक्यांचं डापी. सरसकट मोजणी नाही, अशा २५ निवडक पेशी. त्यांत चार किंवा जास्त पेशींमध्ये ३, ७, १७ पैकी किमान दोन गुणसूत्रं वाढलेली दिसली तर पॉझिटिव्ह. किंवा बारा किंवा जास्त पेशींत सोनेरी ठिपका एकही नाही, तरी पॉझिटिव्ह.

एक सापळा आहे. छत्रीपेशी आपसूकच दुप्पट गुणसूत्रांच्या असू शकतात, म्हणजे चारही रंगांचे चार चार ठिपके. ते सुटसुटीत चार-चार-चार-चार म्हणजे कर्करोग नव्हे. आजाराच्या पेशीत हिशोब बिघडलेला असतो : लाल पाच, हिरवे चार, निळे तीन, सोनेरी एक, असं काहीतरी. रिपोर्टवर ही पेशीनिहाय मोजणी मागून घ्या. चार पेशींनी जेमतेम पॉझिटिव्ह आणि पंचवीसपैकी बावीस पेशींनी पॉझिटिव्ह, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. नुसत्या ९पी२१ च्या अभावाने आलेला पॉझिटिव्ह बहुतेक कमी श्रेणीकडे बोट दाखवतो, अनेक गुणसूत्रांची वाढ उच्च श्रेणीकडे.

भाकिताच्या दृष्टीने फिशची सर्वांत चांगली जागा बीसीजीनंतर. सहा आठवड्यांचा कोर्स झाल्यावर, तीन महिन्यांच्या दुर्बिणीच्या वेळी फिश पॉझिटिव्ह राहिलं, तर त्या पेशंटमध्ये बीसीजी अपयशी ठरण्याची शक्यता जास्त. सायटोलॉजी सूजेमुळे गोंधळते तिथे फिश कमी गोंधळतं, कारण सूजेने गुणसूत्रं वाढत नाहीत.

मुठाकाठ · बुधवार, रात्री ९:४८

बीसीजीचा विषय निघालाच आहे तर वेळापत्रक लिहून ठेवतो, मार्करची तारीख त्याच्याशी जुळवावी लागते. टीयूआरनंतर पहिले दोन आठवडे बीसीजी नाही. मग आठवड्याला एक, सहा मात्रा. पुढे देखभालीच्या तीन तीन मात्रा ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्यात. मध्यम जोखमीला एक वर्ष, उच्च जोखमीला तीन. मूत्राशयासाठीची बीसीजी आपल्याच पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. लघवीवरचा कोणताही मार्कर मात्रा सुरू असताना पाठवू नका. सहावी मात्रा झाल्यावर सहा आठवडे जाऊ द्या.

कोथरूड_युरो · बुधवार, रात्री ११:०२

प्रथिनांच्या झटपट तपासण्या थोडक्यात. एनएमपी२२ ची पट्टी, रेघ मिलीमागे १० युनिट, लघवीचे चार थेंब, अर्ध्या तासात निकाल. बीटीए ही कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच शी नातं असलेल्या प्रथिनावर चालते, आणि ते रक्तातही असतं. म्हणून लघवीत रक्त, जंतुसंसर्ग, खडा, बसवलेली नळी, नुकतीच केलेली दुर्बीण, बीसीजी, यांपैकी काहीही असलं तरी दोन्ही पॉझिटिव्ह येऊ शकतात. मुतखडा इतका सर्रास असलेल्या आपल्या भागात हे विसरून चालणार नाही. आधी लघवीचं रूटीन आणि कल्चर, संसर्ग असेल तर उपचार, मगच मार्कर. मूत्रमार्गाचा क्षयही लक्षात ठेवा : पू-पेशी भरपूर आणि साधं कल्चर कोरं, असं असेल तर तो शोधल्याशिवाय लघवीच्या मार्करवर विसंबू नका.

नव्या पिढीच्या तपासण्या जनुकांच्या आहेत. सीएक्सब्लॅडर पाच एमआरएनए मोजते : आयजीएफबीपी५, एचओएक्सए१३, एमडीके, सीडीके१ आणि सूजेचा हिशोब वेगळा काढायला सीएक्ससीआर२. एक्स्पर्ट मॉनिटरमध्येही पाच : एबीएल१, एएनएक्सए१०, यूपीके१बी, सीआरएच, आयजीएफ२. एपिचेक डीएनएवरच्या १५ मिथाइल जागा बघते आणि ६० किंवा वर गुण आले की पॉझिटिव्ह. यांचं खरं बळ उच्च श्रेणीचा आजार नाही असं सांगण्यात आहे. तरी युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार कोणताही लघवीचा मार्कर पाठपुराव्यात दुर्बिणीची जागा घेऊ शकत नाही.

आकडेमोड_सदाशिव · गुरुवार, सकाळी ८:१७

'नाही असं सांगण्याचं बळ' यावर थोडं गणित. आकडे समजण्यापुरते, कोणत्याही एका किटचे नाहीत.

पाठपुराव्याच्या २०० भेटी धरा, त्यांपैकी २० मध्ये गाठ खरोखर परत आली आहे. मार्करची संवेदनशीलता ७० टक्के, विशिष्टता (आजार नसताना निगेटिव्ह येण्याचं प्रमाण) ८०. वीसपैकी १४ पकडल्या, ६ सुटल्या. गाठ नसलेल्या १८० पैकी ३६ उगाच पॉझिटिव्ह, १४४ बरोबर निगेटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५०, त्यांत खरे १४, म्हणजे २८ टक्के. एकूण निगेटिव्ह १५०, त्यांत खरे १४४, म्हणजे ९६ टक्के.

जाहिरातीत ९६ छापलं जातं. पण काहीही तपासणी न करता 'गाठ नाही' म्हटलं असतं तरी २०० पैकी १८० वेळा, म्हणजे ९० टक्के वेळा ते बरोबरच आलं असतं. मार्करने ९० चे ९६ केले, एवढी त्याची कमाई. आणि सुटलेल्या सहांपैकी किती उच्च श्रेणीच्या, हा आकडा त्या ९६ मध्ये दिसतच नाही. पेपर वाचताना तोच आधी शोधा.

दुसरी गोष्ट. आज गाठ आहे का हे शोधणं आणि पुढे येईल का हे सांगणं यांची गणितं वेगळी आहेत. पहिल्याला संवेदनशीलता-विशिष्टता पुरते. दुसऱ्याला काळ धरावा लागतो, आणि ईओआरटीसीच्या सहा घटकांसोबत मार्कर एकाच मॉडेलमध्ये बसवून भर पडते का ते बघावं लागतं. नुसतं 'पी ०.०५ च्या खाली' पुरेसं नाही. रेघ त्याच माहितीतून निवडली आणि त्याच माहितीवर तपासली असेल, तर निकाल फुगलेलाच येणार.

कसबा_पॅथ · गुरुवार, दुपारी २:३०

यूरोमोलचा उल्लेख हवा. २०१६ मध्ये ४६० आणि २०२१ मध्ये ८३४ पेशंटच्या गाठींच्या अभ्यासातून, मुख्यतः आरएनएवरून केलेलं वर्गीकरण. वर्ग १, २ए, २बी आणि ३, त्यांत २ए चं भवितव्य सर्वांत वाईट. रोजच्या रिपोर्टमध्ये यायला वेळ आहे, पण एका मार्करऐवजी पूर्ण नमुना वाचण्याची दिशा हीच.

आता एक अडचणीची परिस्थिती. सायटोलॉजी उच्च श्रेणीची पॉझिटिव्ह, दुर्बीण स्वच्छ. पुढे काय?

मुठाकाठ · गुरुवार, रात्री १०:१९

'खोटा पॉझिटिव्ह' म्हणून फाइल बंद करायची नाही, हे पहिलं. लघवी मूत्रपिंडापासून खाली येते, तेव्हा वरच्या नळ्या बघा : सीटी युरोग्राम. पुरुषांमध्ये प्रोस्टेटजवळच्या मूत्रमार्गाची बायोप्सी. मूत्राशयातून नकाशाप्रमाणे तुकडे : त्रिकोण (मूत्राशयाचा तळाचा तीनकोनी भाग), छत, उजवी, डावी, पुढची आणि मागची भिंत, प्रत्येकाची वेगळी डबी. निळ्या प्रकाशाची दुर्बीण उपलब्ध असेल तर आदल्या तासाला औषध मूत्राशयात सोडून बघा, सपाट सीआयएस लालसर चमकून उठतो. बीसीजीनंतर लगेच मात्र सूजही चमकते.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा सायटोलॉजी आणि दुर्बीण. अशा वेळी मार्कर दुर्बिणीच्या पुढे चाललेला असू शकतो. गाठ दिसायच्या कित्येक महिने आधी फिश पॉझिटिव्ह आल्याची नोंद अभ्यासांत आहे.

कोथरूड_युरो · शुक्रवार, सकाळी ७:४०

एरवीचं वेळापत्रक : कमी जोखीम असेल तर ३ महिन्यांनी दुर्बीण, ती स्वच्छ असेल तर १२ व्या महिन्यात, मग वर्षाला एक, पाच वर्षं. उच्च जोखमीला दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सायटोलॉजीसह, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहामाही, मग वार्षिक. तीन महिन्यांची पहिली दुर्बीण हीच स्वतः मोठं भाकीत आहे. ती चुकवून मार्करवर पैसे घालणं म्हणजे मुख्य खांब काढून टेकू लावणं.

पेशीवेध · शुक्रवार, दुपारी १२:०५

फॉर्मवर काय लिहायचं ते एकत्र करून देतो, छापून ऑपरेशन थिएटरात चिकटवता येईल असं. गाठींची संख्या, सर्वांत मोठीचा आकार सेंमीत, पहिली की परत आलेली, आधी शेवटची कधी, दुर्बिणीत सपाट लाल भाग होता का आणि कुठे, तळाची डबी वेगळी पाठवली का, बीसीजी किंवा मायटोमायसिनची शेवटची मात्रा कोणत्या तारखेला, खडा, नळी, संसर्ग, क्षय यांपैकी काही, तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. लघवी असेल तर साधी की धुऊन घेतलेली, आणि घेतल्याची वेळ.

हडपसर_हिस्टो · शुक्रवार, दुपारी १२:४०

फॉर्मॅलिनच्या वेळेसाठी डबीच्या झाकणावर नको, बुडावर नको, अंगावर लेबल लावा. झाकणं टेबलावर अदलाबदल होतात.